जेसीबी फिरवला की रस्ता सुधारला?

पावसाळा तोंडावर आला की खान्देशातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो. सोबत चिखलात रुतलेल्या जीपचा फोटो. मजकूर साधारण असा: ‘सातपुड्यातले जंगलरस्ते कच्चे आहेत म्हणून दरवर्षी वाहून जातात. उपाय सोपा. सर्वांत खराब रस्ता आधी घ्या, डांबर टाका. बाकीच्यांवर दर मे महिन्यात जेसीबी फिरवा. ज्यांवर दिवसाला दोन गाड्याही जात नाहीत, त्यांवर पैसा घालू नका.’

मेसेजमधला संताप खरा आहे. उपाय मात्र चारही चुकलेत.

‘कच्चे म्हणून वाहून जातात.’ मग ऑगस्ट २०२१च्या अखेरीस चाळीसगावजवळच्या कन्नड घाटात दरडी का कोसळल्या? तो तर राष्ट्रीय महामार्ग. रस्ता खाणारं असतं ते पाणी. वरून येणारं, आणि त्याहून जास्त म्हणजे रस्त्यावरच अडकून चाकोरीतून धावत सुटणारं. आमच्याकडे शिरपूरच्या बाजूचा एक म्हातारा मुकादम म्हणायचा, ‘पानीले वाट दे, नही ते रस्तानी वाट लाई.’

आता जेसीबी. यावर थोडं थांबतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं आणि ते काम झाल्यासारखं दिसतं. मे महिन्यात मुरूम कोरडाठाक असतो. त्यावर बकेट फिरली की वर्षभर दबून बसलेला थर सुटतो आणि त्याची धूळ होते. दाबायला ना ओल, ना रोलर. जूनच्या पहिल्या दोन सरींत तो थर थेट नाल्यात. वर कडेला मातीचा जो बांध राहतो, तो पाण्याला रस्त्याबाहेर पडू देत नाही. असं पाच-सात वर्षं चाललं की रस्ता आजूबाजूच्या जमिनीपेक्षा खाली जातो. मग त्याला रस्ता म्हणायचं की नाला, तुम्हीच ठरवा. पृष्ठभागाला आकार द्यायचा तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात, मुरमात ओल असताना. मध्ये उंचवटा, दोन्ही कडांना मीटरमागे चार-पाच सेंटिमीटर उतार. शिवाय १५ फेब्रुवारीपासून वणव्याचा हंगाम धरला जातो. तेव्हा पाण्याची गाडी आत न्यायला रस्ता आधीच तयार असतो. मे महिन्यात मशीन नको, फावडी हवीत: मोऱ्यांची, म्हणजे रस्त्याखालून पाणी नेणाऱ्या वाटांची तोंडं, गटारं आणि फरशी पुलावर अडकलेले ओंडके. पहिल्या मोठ्या पावसानंतर पुन्हा एक फेरी, कारण सागाची पानं वाहत येऊन मोरी परत बुजवतात.

‘सर्वांत खराब आधी’ हे ऐकायला न्याय्य वाटतं. पण पूर्ण उखडलेला एक रस्ता नव्याने बांधण्यात वर्षाचं बजेट संपतं, आणि तोवर बऱ्या स्थितीतल्या रस्त्यांच्या मोऱ्या तुंबून तेही उखडतात. रावेर-यावलच्या शेतकऱ्याला हे सांगायला नको: वठलेल्या केळीला पाणी घालत बसायचं आणि उभी बाग वाळू द्यायची, असा हा हिशेब. अपवाद आहे. तुटलेल्या ठिकाणामुळे पाड्याचा संपर्क तुटत असेल, किंवा तिथली माती थेट नदीत उतरत असेल, तर ते ठिकाण आधीच घ्यावं. अख्खा रस्ता नाही, ते ठिकाण. त्यासाठी नोंदवही लागते: कितव्या किलोमीटरला मोरी, कुठे उतार खचतोय. आणि ही नोंद छत्री घेऊन, पाऊस पडत असताना, पायी चालत करायची असते. जीपमधून पाणी कुठे जातं ते दिसत नाही.

डांबराला माझा सरसकट विरोध नाही. खड्या चढावर काँक्रीटचा तुकडा किंवा दगडी सोलिंग (दगड बसवून केलेला थर) शोभतंच. पण पाण्याचा निचरा नसेल तर डांबर कडेपासून उसवतं; पायथ्याच्या काळ्या मातीवर तर फुगून तडकतं. शिवाय जंगलातल्या रस्त्याला वन संवर्धन कायदा, १९८० (२०२३ पासून नाव वन (संरक्षण एवं संवर्धन) अधिनियम) लागतो. यावलसारख्या अभयारण्यात अट आणखी कडक. गावासाठी रस्ता हवाच असेल तर वनहक्क कायदा, २००६ मध्ये वाट आहे: एक हेक्टरपेक्षा कमी जमीन, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तुटणार नाहीत आणि ग्रामसभेची शिफारस. मेसेज लिहिणाऱ्याला हे ठाऊक असतं तर त्याने डांबरापेक्षा ग्रामसभेच्या ठरावाची मागणी केली असती.

राहिल्या दिवसाच्या दोन गाड्या. गाड्या मोजून रस्त्याचं मोल ठरवणं शहरात चालत असेल. सप्टेंबर २०२१ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या चांदसैली घाटात दरडीने रस्ता बंद झाला होता. आजारी बायकोला दवाखान्यात न्यायला नवऱ्याने खांद्यावर उचललं. ती वाटेतच गेली. त्या दिवशी त्या रस्त्यावर एकच गाडी हवी होती.