हळदीनं रेडिएटर दुरुस्त होत नाही, इंजिन मात्र जातं

आमच्याकडच्या सगळ्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. रेडिएटर, म्हणजे इंजिनातलं तापलेलं पाणी गार करणारी जाळी, बदलायचे पंधरा-वीस हजार सांगणारे मिस्त्री लुटतात. दोन चमचे हळद टाका, गाडी गरम असतानाच टाका, गळती कायमची बंद. कूलंट, म्हणजे रेडिएटरच्या पाण्यात मिसळायचं द्रव, हा कंपन्यांचा धंदा, बोअरचं पाणी चालतं. उन्हाळ्यात थर्मोस्टॅट काढून टाका. बिलातला निम्मा पैसा तर टॅक्सच असतो. असले मेसेज मी वाचतही नाही. पण दर्यापूरकडे राहणाऱ्या माझ्या मोठ्या भावानं तो खरा धरला. तो स्वतःच्या व्हॅनमधून गावातले पेशंट अमरावतीला नेतो. "हळद टाकली न रेडिएटरमंदी, आता कायले पाच हजार घालू?" असं फोनवर म्हणाला. तेही मे महिन्यात!

सगळ्यात घातक शब्द आहेत "गरम असतानाच". तापलेल्या इंजिनातलं पाणी दाबाखाली असतं. रेडिएटरच्या झाकणातली स्प्रिंग तो दाब धरून ठेवते, म्हणून शंभर अंशांच्या वर जाऊनही ते उकळत नाही. हळद टाकायला झाकण फिरवलं की दाब सुटतो आणि तेच पाणी उकळून वाफेसकट तोंडावर, छातीवर उडतं. घरात कुकरची वाफ जिरायच्या आत झाकण कोणी ओढत नाही, मग इथंच का? गाडीसोबत आलेलं पुस्तक डॅशबोर्डच्या खणात पडलेलं असेल, ते काढून बघा. गाडी कुठल्याही कंपनीची असो, इंजिन गरम असताना हे झाकण उघडू नका, अशी ताकीद त्यात दिलेली असते. गाडी बनवणारा एक सांगतो, नाव-गाव नसलेला फॉरवर्ड नेमकं उलटं सांगतो, आणि आपण ऐकतो कोणाचं?

आता हळद. बारीक छिद्र असेल तर ती थोडा वेळ गळती थांबवते, हे नाइलाजानं मान्य करतो. पाण्यासोबत भुकटी छिद्राशी जाते, फुगते आणि अडकते. रस्त्यात अडकलेले जुने ड्रायव्हर पुढचं गाव गाठायला हे करत आले आहेत. पण 'कायमची बंद' हे साफ खोटं. गळकं छिद्र कोणतं आणि चालू नळी कोणती, हे भुकटीला कळत नाही. रेडिएटरच्या नळ्या चपट्या आणि अरुंद असतात, गाळ त्यांच्यातही बसतो. शिवाय आताच्या बहुतेक गाड्यांत जाळी ॲल्युमिनियमची आणि दोन्ही बाजूंच्या टाक्या प्लास्टिकच्या असतात. तडा बहुतेक वेळा त्या प्लास्टिकला किंवा जोडाला जातो, आणि दाब चढला की तो उघडतो. तिथं हळद टिकत नाही. जुना तांब्या-पितळेचा रेडिएटर झाळून मिळायचा, हा तसा झाळता येत नाही.

आणि आपला उन्हाळा लक्षात घ्या. आतलं पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानात जितका फरक, तितकं पाणी लवकर गार होतं. आतलं पाणी साधारण ९० अंश आणि बाहेरची हवा २५ असेल तर ६५ अंशांचा फरक मिळतो. मे महिन्यात हवाच ४५ असते, म्हणजे फरक ४५ वर येतो. त्यात निम्म्या नळ्या बुजलेल्या असतील तर इंजिन तापणारच. पाणी फारच कमी झालं तर सेन्सर कोरडा पडतो आणि काटा खरं तापमान दाखवेलच असं नाही. मग हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, वाकतं, त्याखालचं गॅस्केट (सांधा बंद ठेवणारी पातळ चकती) जातं, आणि ते काम रेडिएटरच्या कित्येक पट पैसे खातं.

खर्चाचंही ऐका. छोट्या पेट्रोल गाडीला बाजारातला चांगला रेडिएटर साधारण तीन ते पाच हजारांत येतो, कूलंट आणि मजुरी वेगळी. मोठ्या डिझेल गाडीचा आकडा बराच वर जातो. गरज नसताना अख्खा रेडिएटर बदलणारे मिस्त्री आहेत, हे खरं आहे. कधी फक्त होजची (रबरी नळीची) क्लिप ढिली असते किंवा झाकणाचं रबर गेलेलं असतं. म्हणून आधी प्रेशर टेस्ट करायला सांगा. झाकणाच्या जागी हातानं चालणारा छोटा पंप लावून दाब देतात, गळती कुठे आहे ते डोळ्यांनी दिसतं. जुना भाग परत मागा.

बोअरचं पाणी? दर्यापूर खारपाणपट्ट्यात आहे! पूर्णेच्या खोऱ्यातलं ते खारट पाणी आत क्षार धरतं आणि ॲल्युमिनियम कुरतडतं. कूलंट नुसतं थंडीत पाणी गोठू नये म्हणून नसतं. ते गंज रोखतं आणि उकळबिंदू वाढवतं. मात्र काढलेलं जुनं कूलंट धुऱ्यावर ओतू नका. बहुतेक कूलंटमध्ये एथिलिन ग्लायकॉल असतं, ते गोडसर लागतं, आणि जनावरानं किंवा कुत्र्यानं चाटलं तर मूत्रपिंडं निकामी होऊन ते मरू शकतं.

थर्मोस्टॅट ही इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. ती काढल्यानं तुंबलेला रेडिएटर मोकळा होत नाही. उलट सकाळी इंजिन लवकर तापत नाही आणि पेट्रोल जास्त जातं.

टॅक्स निम्मा कधीच नव्हता. रेडिएटरवर २८ टक्के जीएसटी होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाला. बिलावर अजून २८ लावलेले दिसले तर पैसे देण्याआधी तिथंच विचारा.