गृहपाठ, सेकंड शिफ्ट आणि माझी एक चुकलेली ओळ

ताई,

खाली 'एक आई, चाकण' एवढंच लिहिलंय तुम्ही, म्हणून ताईच म्हणते. पहिली-दुसरीचा लेखी गृहपाठ बंदच करा, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुमची प्रतिक्रिया चांगलीच झणझणीत आली. इतरांसाठी थोडक्यात सांगते. तुमचा मुलगा दुसरीत आहे. तुम्ही कंपनीत एक आठवडा फर्स्ट आणि एक आठवडा सेकंड शिफ्ट करता. गृहपाठ नसला की पोरगा मोबाइल घेऊन बसतो. शाळेत काय शिकवलं हे कळायला वहीशिवाय तुमच्याकडे दुसरं साधन नाही. आणि 'पुस्तकांनी भरलेल्या घरातल्या बायांनी' आमच्या मुलांचा अभ्यास काढून घेऊ नये. शेवटी एक टोला: 'आम्ही लिहून लिहूनच शिकलो, आम्ही काय वाया गेलो?'

पुस्तकांचं वाक्य लागलं. दोन दिवस उत्तर लिहिलं नाही ते त्यामुळेच. पण मी हे सगळं घरात बसून सुचलं म्हणून लिहिलेलं नाही. एकोणतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं, त्यातली निम्म्याहून जास्त पहिली-दुसरीला, आणि गृहपाठ देण्यात मी कुणाला हार गेले नसते. शुद्धलेखन एक पान, पाढे, एक ते शंभर अंकी-अक्षरी, चुकलेला शब्द दहा वेळा. शनिवारी दुप्पट, कारण रविवार मोकळा.

त्या दहा वेळांचं एक सांगते. दुसरीतला एक मुलगा परिपाठाआधी व्हरांड्यात बसून आदल्या दिवशीचा गृहपाठ उरकताना सापडला. मी मागे उभी आहे हे त्याला कळलं नाही. शब्द होता 'सूर्य'. त्यानं आधी 'स'ची उभी रांग लावली, वरपासून खालपर्यंत दहा. मग प्रत्येक 'स'ला खाली उकार, दहा. मग 'य' दहा. शेवटी रफार, टिकल्या लावाव्यात तसे टपाटप दहा. पान अगदी देखणं. उकार मात्र दहाच्या दहा ऱ्हस्व. ज्या चुकीसाठी शिक्षा दिली होती, तीच दहा वेळा घोटून आणली पोरानं, आणि सबंध वेळात एकदाही 'सूर्य' हा शब्द त्याच्या मनात उगवला नसावा.

आणि ती वही टेबलावर आली असती तर मी बरोबरची खूण करून मोकळी झाले असते. वर्गात ४२ मुलं. मराठी, गणित, इंग्रजी अशा तीन वह्या. वहीला एक मिनिट धरलं तरी १२६ मिनिटं, म्हणजे दोन तासांच्या वर. मग बाई काय करतात? कोपऱ्यात सही, तारीख, पुढची वही. तुमच्या मुलाच्या वहीत 'छान' लिहिलेलं दिसतं ना, त्यातली कितीतरी 'छान' न वाचता लिहिलेली असतात. मीही लिहिलीत.

आता 'आम्ही काय वाया गेलो'. नाही हो, कशाला वाया जाल! पण तुमच्याआधीच्या, म्हणजे माझ्या पिढीचा घरचा अभ्यास बघा. दिवेलागणीला हातपाय धुऊन शुभंकरोति, मग परवचा. बे एके बे पासून तीसपर्यंत, पुढे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी. सगळं तोंडी, एका सुरात. माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती. ती चुलीपुढे बसून ऐकायची, आणि तेरा सत्ते गडबडलं की नुसती म्हणायची, "परत म्हण." तिला एक्क्याण्णव येत होते म्हणून नव्हे, आमची लय अडखळली म्हणून. शिकणं त्या अडखळण्यात होतं. चूक त्याच क्षणी कुणीतरी पकडत होतं. व्हरांड्यातल्या पोराची पकडायला कुणी नव्हतं.

तुम्ही असंही विचारलंत की 'संशोधन सांगतं' एवढं म्हणून मी कसं काय मोकळी झाले. हा आक्षेप मान्य. ड्यूक विद्यापीठातले हॅरिस कूपर यांनी १९८७ ते २००३ या काळातले अमेरिकेतले अभ्यास एकत्र करून २००६ साली निष्कर्ष मांडले. वरच्या वर्गांत गृहपाठ आणि गुण यांचा संबंध बऱ्यापैकी दिसतो, प्राथमिकमध्ये तो फारच क्षीण. मी एवढंच सांगून थांबले. पण कूपर गृहपाठ बंद करा म्हणत नाहीत, ते इयत्तेला दहा मिनिटं हा ठोकताळा मांडतात. पहिलीला दहा, दुसरीला वीस. शिवाय ती मुलं अमेरिकेतली. घरात अभ्यासाला वेगळं टेबल असलेल्या मुलाचा हिशेब भाड्याच्या एका खोलीतल्या मुलाला लावायचा म्हणजे ओढूनताणूनच.

आपल्याकडचा कागद मात्र स्पष्ट आहे. २०१८ साली मद्रास उच्च न्यायालयानं सीबीएसई शाळांच्या प्रकरणात पहिली-दुसरीला गृहपाठ नको असा आदेश दिला. त्याच वर्षी केंद्राचं परिपत्रक निघालं, आणि २०२० च्या दप्तर धोरणात तर तासच ठरवून दिले: दुसरीपर्यंत गृहपाठ नाही, तिसरी ते पाचवी आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास. दिवसाला नव्हे, आठवड्याला. म्हणजे रोज वीस-पंचवीस मिनिटं. लहान मुलांना वर्गात विचारावं, काल संध्याकाळी काय केलंस, काय खेळलास, काय जेवलास, असंही त्यात सुचवलंय. सरकारी कागदात असं वाक्य सापडलं की मला उगाच बरं वाटतं. तुमच्या मुलाला रोज तीन पानं मिळतात, म्हणजे हा कागद त्याच्या शाळेपर्यंत पोचलेला नाही, किंवा पोचून फाइलला लागलाय.

पण तुमचं खरं दुखणं कागदाचं नाहीच. ते मोबाइलचं आणि वहीचं आहे.

मोबाइलचं आधी. गृहपाठ तुम्हाला राखणदार म्हणून हवा आहे, आणि यात मी तुम्हाला दोष देणार नाही. पोरगं दोन तास एका जागी गुंतून राहिलं तर शेजारच्या काकूंनाही बघायला सोपं. फक्त एक बघा. करोनानंतर गृहपाठ येतो कुठून? व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर. म्हणजे वही उघडण्यासाठीच मोबाइल पोराच्या हातात जातो, फोटो मोठा करून बघताना दुसरंच काही उघडतं, आणि तुम्ही लाइनवर उभ्या. राखणदारानंच दार उघडं टाकलेलं. 'प्रोजेक्ट'बद्दल तर बोलायलाच नको. 'वाहतुकीची साधने'चा चित्रांचा तयार तक्ता स्टेशनरीत मिळतो, आई कापते, बाबा चिकटवतात, पोरगं झोपलेलं असतं. गुण कुणाला देतात कोण जाणे.

वहीबद्दल मात्र तुम्ही बरोबर आहात आणि मी चुकले. शाळा आणि घर यांच्यातली तीच एक खिडकी असेल, तर ती बंद करा म्हणणं सोपं, त्या जागी काय ते मी सांगितलंच नव्हतं. २०२३-२४ पासून दोन वर्षं दुसरी ते आठवीच्या बालभारतीच्या पुस्तकांत कोरी पानं जोडली होती. वर्गातली नोंद पुस्तकातच राहील आणि दप्तर हलकं होईल, अशी कल्पना. बऱ्याच पोरांनी त्यावर चित्रं काढली, पुढे ती योजना गुंडाळली. पण आज वर्गात काय झालं हे घरी दिसावं ही गरज खरीच आहे, आणि ती भागवायला मुलाला तीन पानं लिहायला लावणं हा फार महागाचा मार्ग आहे. बाईंनी डायरीत एक ओळ लिहिली तरी पुरे: 'आज हातच्याची बेरीज, पान अमुक.'

आणि घरी जे द्यायचं, त्याला माझी आता एकच कसोटी आहे. ते मुलाला एकट्याला जमलं पाहिजे. ज्या गृहपाठाला शिकलेलं, रिकामं, न थकलेलं माणूस लागतं, तो मुलाचा नसतो, घराचा असतो. दुसरीच्या गणितात २०१९ साली 'वीस एक, वीस दोन' आलं तेव्हा किती घरांत भांडणं झाली आठवतं? बाबा म्हणणार त्रेसष्ट, पुस्तकात साठ तीन, आणि मधल्यामध्ये पोरगं रडवेलं. पद्धत चांगली की वाईट हा वाद वेगळा. ते घरी सोपवायचं काम नव्हतं.

मग काय द्यावं? वाचन. भाषेचं पुस्तक, रोज एक पान, मोठ्यानं. तुम्ही भाकरी थापताय, तो पाटावर बसून वाचतोय. तुम्हाला पुस्तकात बघायचीही गरज नाही. अडखळला की ऐकू येतंच, "परत म्हण" म्हणायचं. दहा मिनिटांत होतं. त्याला वाचता येतंय की नुसतं पाठ झालंय, हे तुम्हाला तीन पानांच्या वहीपेक्षा लवकर कळेल. मधलंच एखादं वाक्य बोटानं दाखवून विचारा, पाठ असेल तर लगेच उघडं पडतं.

सेकंड शिफ्टच्या आठवड्यात हे जमणार नाही. त्याला माझ्याकडे युक्ती नाही, उगाच सांगत नाही. त्या आठवड्यात नाही झालं तर नाही झालं. पण 'गृहपाठ अपूर्ण' असा लाल शेरा त्या आठवड्यासाठी सात वर्षांच्या मुलाला मिळता कामा नये, कारण शिफ्ट त्यानं लावलेली नाही. बाईंना हे तोंडी सांगू नका, डायरीत लिहून द्या: 'माझी दर एक आड एक आठवडा दुपारची पाळी असते.' अनेक बाईंना हे माहीतच नसतं. मला माझ्या वर्गातल्या निम्म्या आयांच्या कामाच्या वेळा माहीत नव्हत्या.

मागच्या लेखातली 'बंदच करा' ही ओळ आज बदलली आहे. तिथे आता 'लेखी गृहपाठ बंद, मोठ्यानं वाचन सुरू' असं आहे, आणि खाली तुमच्या प्रतिक्रियेचा उल्लेख केलाय. पुढच्या आठवड्यात फर्स्ट शिफ्ट असेल तर चार दिवस वाचून घ्या, आणि कुठल्या शब्दावर अडतो ते इथेच लिहा. जोडाक्षरांवर अडत असेल तर माझ्याकडे दोन-तीन खेळ आहेत, वही लागत नाही त्यांना.