इटलीतील चिनी आणि रोमानियन स्थलांतरित : एका परखड प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

इटलीतील चिनी आणि रोमानियन स्थलांतरितांच्या आर्थिक स्थितीवरील माझ्या लेखाला आपण जी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, तिला दोन ओळींत उत्तर देणे योग्य झाले नसते, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते : दोन्ही समाज जवळजवळ रिकाम्या हातांनी इटलीत आले, चिन्यांनी आपल्या उद्यमी वृत्तीच्या बळावर धंद्यात जम बसवला, रोमानियन मात्र मोलमजुरीतच राहिले आणि त्यामुळे आज चिनी समाज अधिक सुस्थितीत आहे, असे मी त्यात म्हटले होते. आपण बारा वर्षे तूरीनमध्ये राहता आणि रोमानियन गवंड्यांबरोबर रोज काम करता. आपले म्हणणे असे की मी चिनी मालकांची तुलना रोमानियन मजुरांशी केली. चीनला जाणाऱ्या पैशांच्या आकड्यांचा अर्थ चुकीचा लावला. आणि ‘उद्यमी वृत्ती’ हा शब्द वापरून एका समाजाला जन्मजात व्यापारी, तर दुसऱ्याला जन्मजात हमाल ठरवले.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे आणि त्यावर मला बरेच लिहायचे आहे, म्हणून आधी दुसऱ्याचा निकाल लावते, कारण तिथे चूक सरळसरळ माझी आहे. इटलीतून चीनला अधिकृत मार्गाने जाणारा पैसा २०१२ मध्ये अडीच अब्ज युरोंच्या वर होता आणि २०१८ पर्यंत तो काही कोटी युरोंवर आला. यावरून चिनी कुटुंबे आता आपली बचत इटलीतच गुंतवतात असा निष्कर्ष मी काढला. आकडे इटलीच्या मध्यवर्ती बँकेचे आहेत आणि ते बरोबर आहेत, पण अर्थ मी घाईने लावला. २०१२ च्या रकमेत कुटुंबांच्या बचतीबरोबर व्यापाऱ्यांनी मालापोटी पाठवलेला पैसाही मिसळलेला होता, आणि पुढच्या वर्षांत पैसे पाठवणाऱ्या दुकानांवर तपासयंत्रणांनी चांगलीच करडी नजर ठेवली. २००६ ते २०१० या काळात सुमारे साडेचार अब्ज युरो चीनला गेल्याच्या प्रकरणात एका चिनी बँकेच्या मिलान शाखेने २०१७ मध्ये सहा लाख युरो भरून ते प्रकरण मिटवले. अधिकृत वाट अरुंद झाली, एवढेच त्या घसरणीवरून खात्रीने म्हणता येते. २०१० च्या दशकाच्या सुरुवातीला रोमानियाला दरवर्षी ऐंशी-नव्वद कोटी युरो जात होते आणि ती रक्कम बहुतांशी पगारातून वाचवलेली होती. या दोन रकमा एकाच तक्त्यात शेजारीशेजारी मांडायला नको होत्या.

आता पहिला आक्षेप. तो मला अर्धा मान्य आहे. इटलीत रोमानियन नागरिक दहा लाखांहून अधिक आहेत, चिनी तीन लाखांच्या आसपास, आणि एकट्या मालकाच्या नावावर नोंदवलेले व्यवसाय मात्र दोन्ही समाजांचे जवळपास सारखे, पन्नास हजारांच्या घरात आहेत. या आकड्यावरून मी चिनी समाजाला तिपटीहून अधिक उद्योजक ठरवले होते. तुमच्या तूरीनच्या अनुभवाने त्यातला एक पापुद्रा सुटला. रोमानियन नावावरचे बहुसंख्य व्यवसाय बांधकामातले आहेत आणि त्यांतल्या कितीतरी जणांकडे फक्त ‘पार्तीता ईवा’, म्हणजे व्यवसायाचा करक्रमांक आहे. प्रत्यक्षात तो माणूस एकाच मुकादमाकडे रोज सकाळी हजर होतो. आजारपणाची रजा आणि विमा यांचा बोजा मुकादमावर पडू नये म्हणून त्याला कागदोपत्री मालक केलेले असते. हे मला माहीत असूनही मी आकडा तसाच वापरला, याची खंत वाटते.

परंतु हाच निकष चिनी बाजूलाही लावावा लागेल, आणि तिथे चित्र उलटे दिसते : रोमानियन मजूर कागदावर मालक असतो, तर चिनी मजूर अनेकदा कागदावर अर्धवेळ कामगार असतो. मी फ्लॉरेन्सला दोन वर्षे राहत होते आणि गाडीने अर्ध्या तासावर असलेल्या प्रातो या कापडाच्या गावी अनेकदा जात असे. तिथे पिस्तोइएसे रस्त्याच्या आजूबाजूला संध्याकाळी उशिरा फिरले की अर्ध्यावर ओढलेल्या शटरखालून पांढरा उजेड बाहेर पडलेला दिसे आणि शिलाई यंत्रांची घरघर ऐकू येई. एका भिंतीवर चिनी अक्षरांतल्या चिठ्ठ्या एकावर एक डकवलेल्या असत. तळाशी फोन नंबराच्या पट्ट्या कातरलेल्या, काही पट्ट्या तोडून नेलेल्या. शिवणारा हवा आहे, इस्त्री करणारा हवा आहे, राहण्याची सोय आहे. मजुरी तासावर नसते, नगावर असते. कंत्राटात दिवसाचे चार तास लिहिलेले आणि यंत्रावर बारा तास बसलेला माणूस सरकारी आकडेवारीत गरीब आणि निवांत दिसतो, प्रत्यक्षात तो थकलेला असतो आणि त्याच्या खऱ्या मिळकतीची नोंद कुठेच नसते. म्हणून ‘चिनी कामगारांचे घोषित उत्पन्न रोमानियनांपेक्षा कमी आहे, मग ते सुस्थितीत कसे?’ हा आपला प्रश्न रास्त असला, तरी त्या घोषित उत्पन्नावर मी फारसा भार टाकणार नाही.

त्या गावाचे नाव घेतल्यावर १ डिसेंबर २०१३ ची रविवारची सकाळ टाळून पुढे जाता येत नाही. प्रातोच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कपड्यांच्या कारखान्याला आग लागली आणि आत झोपलेले सात चिनी कामगार मेले. यंत्रांच्या वर हलक्या पत्र्या-पुठ्ठ्यांच्या खोपट्या करून ते तिथेच राहत होते, खिडक्यांना लोखंडी गज होते. कारखाना चिनी, पण इमारत इटालियन मालकाची. ‘चिनी समाजाची भरभराट’ असे मी सहज लिहून गेले, त्या भरभराटीत या सात जणांचा वाटा किती, हे मी स्वतःला विचारायला हवे होते. आज त्या यंत्रांवर पाकिस्तानी आणि बांगलादेशी तरुण मोठ्या संख्येने बसतात, आणि ‘आठ तास, पाच दिवस’ एवढ्या साध्या मागणीसाठी त्यांना कारखान्यांच्या दारात धरणे धरावे लागते. म्हणजे मालक आणि मजूर आता एकाच समाजाचेही राहिलेले नाहीत.

आपल्याशी माझा मतभेद उरतो तो इथे. मजुराचे हाल खरे असले, तरी चिनी वसाहतीत मजुराला मालक होण्याची एक वाट दीर्घकाळ उघडी होती आणि ती रोमानियन बादान्तेला, म्हणजे वृद्धांच्या घरी राहून त्यांची सेवा करणाऱ्या बाईला, कधीच उघडी नव्हती. वेन्जोऊ किंवा चिंग्त्येन भागातून आलेला तरुण आधी नातेवाइकाच्या कारखान्यात प्रवासाचे कर्ज फेडी, मग नात्यातून, लग्नाच्या आहेरातून आणि ‘हुई’मधून भांडवल उभे करी. हुई म्हणजे आपली भिशीच : ठरावीक माणसे, ठरावीक हप्ता, आणि तारण म्हणून फक्त अब्रू. बँकेच्या दारात पाऊल न ठेवता चार यंत्रे आणि एक गाळा उभा राही. नवरा-बायको दोघेही यंत्रावर बसत, तान्हे मूल आजीकडे चीनला पाठवले जाई. यातून जी मिळकत होई ती पगारासारखी महिनाअखेर संपून जात नसे, ती यंत्रांत, मालात आणि पुढे मिलानमधल्या एखाद्या बारच्या मालकीत साठत जाई. मालकी साठते आणि पगार खर्च होतो, हे माझे मूळ म्हणणे मी मागे घेत नाही.

मागे घेते ती ‘वृत्ती’. त्या शब्दाविषयी आपण जे लिहिलेत ते वाचून मी पुन्हा कायद्यांकडे वळले, आणि मला जे दिसले ते मूळ लेखात असायलाच हवे होते. इटलीत पूर्वी परकीयाला स्वतःचा धंदा काढायचा तर त्याच्या देशाशी परस्परतेचा बंध असावा लागे, म्हणजे त्या देशात इटालियनांनाही तशीच मुभा असावी लागे. इटली आणि चीन यांच्यात १९८५ साली गुंतवणुकीचा करार झाला आणि चिन्यांसाठी ते दार इतर अनेकांच्या आधी किलकिले झाले. दुसऱ्या बाजूला चिनी माणसाचा वास्तव्याचा परवाना उत्पन्नाच्या पुराव्यावर टिकतो. बायको-मुलांना बोलवायचे तर माणसागणिक अधिक उत्पन्न दाखवावे लागते. नोकरी सुटली की परवानाही डळमळतो, तेव्हा नातेवाइकाच्या कारखान्यातली जागा किंवा स्वतःच्या नावावरचा गाळा हाच त्याचा आधार होतो.

रोमानियनांना २००२ पासून शेंगेन देशांत व्हिसाशिवाय येता येऊ लागले, आणि १ जानेवारी २००७ रोजी त्यांचा देश युरोपीय संघात आला. त्या वेळी इटलीने आपला श्रमबाजार एकदम खुला केला नाही. अनेक क्षेत्रांवरचे निर्बंध २०११ अखेरपर्यंत राहिले. पहिल्या दिवसापासून मोकळी ठेवलेली क्षेत्रे मुख्यतः कोणती होती ते पाहा : शेती, बांधकाम, हॉटेले, धातुकाम, घरकाम आणि वृद्धांची सेवा. मी ज्याला ‘मोलमजुरीत राहिले’ म्हटले, तिथे जाणारे दार सरकारने मुद्दाम सताड उघडे ठेवले होते. त्यात भाषाही त्यांच्या पथ्यावर आणि मुळावर एकदमच आली. रोमानियन लोकांना इटालियन काही महिन्यांत बोलता येते, त्यामुळे इटालियन घराच्या स्वयंपाकघरात आणि इटालियन मुकादमाच्या हाताखाली त्यांना लगेच काम मिळाले. ज्याला भाषा येत नव्हती त्या चिनी माणसाला आपल्याच माणसांत राहून कामाची साखळी उभारावी लागली. या सगळ्यानंतर स्वभावाच्या स्पष्टीकरणाला फारशी जागा उरत नाही.

आपण शेवटी विचारले आहे की बादान्तेच्या मिळकतीची मोजदाद मी कुठे केली. केली नव्हती. २००७ मध्ये रोमानियात किमान मासिक वेतन ३९० लेई, म्हणजे सुमारे ११५ युरो होते, आणि इटलीत वृद्धाच्या घरी राहणाऱ्या बाईला सातशे-आठशे युरो, शिवाय जेवण आणि खोली मिळे. हातात येणारा पैसा जवळजवळ सगळा वाचे. पण त्या घरी राहणाऱ्या नोकरीचा राष्ट्रीय करारच आठवड्याला ५४ तासांपर्यंत काम मान्य करतो, आणि रात्री म्हातारा उठला तर ते तास कोण मोजतो? फ्लॉरेन्समधल्या एका वाहनतळावर रविवारी सकाळी रोमानियाला जाणाऱ्या छोट्या बसगाड्या उभ्या राहत. चालक ताणकाट्याला पिशवी अडकवून किलोवर भाडे सांगे. एका बाईने कॉफी, ऑलिव्ह तेलाचा डबा, मुलीच्या मापाचे बूट आणि वह्या असे सगळे चिकटपट्टीने गच्च बांधून आणले होते. वजन जास्त भरले तेव्हा तिने तेलाचा डबा बाहेर काढला, बूट राहू दिले. मुलगी किती वर्षांची, असे मी विचारले तर ती म्हणाली, गेल्या वेळी भेटले तेव्हा नऊ वर्षांची होती. या बायकांपैकी अनेक जणी पुढे निद्रानाश आणि नैराश्य घेऊन घरी परतल्या, आणि त्या दुखण्याला डॉक्टरांनी ‘इटली सिंड्रोम’ असे नाव दिले. चिनी आईनेही मूल आजीकडे पाठवले होते, पण कारखाना तिचा झाल्यावर तिला ते परत आणता आले. बादान्तेला दुसऱ्याच्या घरात मूल आणता येत नाही. तुलनेत हा फरक धरायचा की नाही? माझ्या मते धरलाच पाहिजे, आणि तो चिनी कुटुंबाच्या बाजूने जातो.

रोमानियन बाजूची जी भक्कम गोष्ट मी गाळली होती ती म्हणजे म्हातारपण आणि परतीचा रस्ता. युरोपीय नियमांनुसार रोमानियात आणि इटलीत भरलेली निवृत्तिवेतनाची वर्षे एकत्र धरली जातात. चीनमध्ये काम केलेल्या वर्षांना हा लाभ नाही. रोमानियन माणूस इटलीचे नागरिकत्व घेऊनही रोमानियन राहू शकतो, पण चीन दुहेरी नागरिकत्व मानत नाही, म्हणून तीस वर्षे राहिलेली अनेक चिनी माणसेही परवान्यावरच राहतात. रोमानियाचे किमान वेतन २०२५ मध्ये ४,०५० लेई, म्हणजे आठशे युरोंच्या आसपास पोहोचले आहे, त्यामुळे परत जाणे हे आता अपयश राहिलेले नाही. तुमच्या गवंड्यांनी गावाकडे बांधलेली घरे इटलीच्या कोणत्याही सर्वेक्षणात त्यांची मालमत्ता म्हणून दिसत नाहीत, ही आपली तक्रार मी पूर्णपणे मान्य करते.

तेव्हा ‘कोण अधिक सुस्थितीत?’ या प्रश्नाचे माझे सुधारलेले उत्तर असे : ज्या चिनी कुटुंबाने २००८ च्या मंदीपूर्वी स्वतःचा गाळा उभारला, ते बहुतेक रोमानियन कुटुंबांपेक्षा आज श्रीमंत आहे. जो चिनी मजूर ती वाट बंद होत असताना आला, तो रोमानियन गवंड्यापेक्षा गरीबही आहे आणि असुरक्षितही. मूळ लेखातून ‘उद्यमी वृत्तीमुळे’ हे शब्द मी काढले आहेत, पैसे पाठवण्याचा तक्ताही काढला आहे, आणि २००७ च्या मोकळ्या क्षेत्रांचा परिच्छेद नव्याने घातला आहे. मंदीत तूरीनमधली बांधकामे थांबली तेव्हा करक्रमांकावर काम करणाऱ्या आपल्या सहकाऱ्यांना बेकारी भत्ता मिळाला की नाही, याचा आपण ओझरता उल्लेख केला आहे. त्याविषयी सविस्तर लिहाल तर ते आपल्या परवानगीने लेखाला जोडेन.