गोळी झाडलेल्या हातांनी प्रभुभोजन : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम जय ख्रिस्त, बंधू.

तुमची प्रतिक्रिया मी पुन्हा पुन्हा वाचली. लढाईवरून परतलेल्या ख्रिस्ती सैनिकाला 'तू काही चूक केली नाहीस' असे घाईने सांगू नका, आधी त्याचे ऐका, असे मी मागच्या लेखात म्हटले होते. त्यावर तुम्ही लिहिले आहे की ही दोन्ही डगरींवर पाय ठेवणारी भूमिका झाली. युद्धात मारणे पाप असेल तर त्याने वर्दी उतरवावी, पाप नसेल तर पश्चात्ताप कसला? आणि प्रभूने क्षमा केल्यावरही ज्याला रात्रीची झोप लागत नाही त्याचा विश्वासच कमी आहे, त्याला डॉक्टरची नव्हे, प्रार्थनेची गरज आहे.

मी स्वतः वर्दीत होतो. तुमचे हे प्रश्न मी स्वतःलाच विचारत पुष्कळ रात्री काढल्या आहेत, त्यामुळे ते मला परके वाटत नाहीत. उत्तर लांबेल, तेवढे सांभाळून घ्या.

'आपल्या शत्रूंवर प्रीती करा' हे वचन तुम्ही पुढे ठेवले आहे. त्याची धार मी बोथट करणार नाही. पहिल्या तीन शतकांतल्या मंडळीतल्या (चर्चमधल्या) पुष्कळांनी ते अक्षरशः घेतले होते. पेत्राला तलवार म्यानात घालायला लावली तेव्हाच प्रभूने प्रत्येक सैनिकाला निःशस्त्र केले, अशा आशयाचे टर्टुलियन या त्या काळच्या ख्रिस्ती लेखकाने लिहून ठेवले आहे. इ.स. २९५ मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या थेवेस्ते गावी, म्हणजे आजच्या अल्जीरियातल्या तेबेस्सा इथे, मॅक्सिमिलियन नावाच्या एकवीस वर्षांच्या तरुणाने भरती व्हायला नकार दिला. 'मी ख्रिस्ती आहे, मला सैनिक होता येणार नाही' हे त्याचे उत्तर होते. त्याचा शिरच्छेद झाला. त्या खटल्याच्या वृत्तांतात एक जागा आहे, तिथे मी नेहमी थबकतो. अधिकारी त्याला म्हणतो की सम्राटांच्या रक्षकदलातसुद्धा ख्रिस्ती सैनिक आहेतच की. मॅक्सिमिलियन त्यांची निंदा करत नाही. त्यांच्यासाठी काय योग्य ते त्यांना ठाऊक, पण मी ख्रिस्ती आहे आणि मला वाईट करता येणार नाही, एवढेच तो म्हणतो. विवेकाच्या हाकेला प्राण देणाऱ्या या मुलाने दुसऱ्याच्या विवेकाचा न्याय मात्र केला नाही.

दुसरीकडे पवित्र शास्त्रातले, म्हणजे बायबलमधले, सैनिक पाहा. योहान बाप्तिस्मा देत होता तेव्हा 'आम्ही काय करावे?' असे सैनिकांनी त्याला विचारले. जुलूम करू नका, खोटे आळ घेऊ नका, आपल्या पगारात समाधानी राहा, असे तो म्हणाला. नोकरी सोडा असे म्हणाला नाही. ज्या शताधिपतीच्या विश्वासाचे प्रभूला आश्चर्य वाटले तो रोमी सैन्यातला अधिकारी होता. कर्नेल्य या दुसऱ्या शताधिपतीच्या घरी पवित्र आत्मा उतरला तेव्हा तोही सेवेतच होता. त्यांनी पुढे काय केले, याबद्दल शास्त्र गप्प आहे. ती शांतता मी माझ्या बाजूची धरत नाही, तुम्हीही तुमच्या बाजूची धरू नका. वर्दी घालावी की नाही यावर प्रामाणिक ख्रिस्ती माणसे दोन्हीकडे आहेत आणि राहतील. माझा लेख त्यावर नव्हता. ज्याने ती घातली, जो लढला आणि परत आला, तो रविवारी तुमच्या शेजारच्या बाकावर बसतो तेव्हा काय, एवढाच त्याचा विषय होता.

आता 'पाप की पाप नाही' या प्रश्नाकडे येतो. माझा खरा मतभेद इथे आहे. दावीद राजाने परमेश्वराला विचारून, त्याच्या नावाने लढाया केल्या. तरी बायबलमधल्या 'पहिला इतिहास' या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात तो शलमोनाला सांगतो की मंदिर बांधायची त्याला मनाई झाली, कारण त्याने पुष्कळ रक्त सांडले होते. त्या लढाया करू नयेस असे देवाने त्याला म्हटले नव्हते. पण सांडलेले रक्त मोजले गेलेच. 'गणना' या पुस्तकाच्या एकतिसाव्या अध्यायात, लढून आलेल्यांनी सात दिवस छावणीबाहेर राहावे, स्वतःला आणि आपल्या वस्तूंना शुद्ध करावे, अशी आज्ञा आहे. त्या अध्यायातला बाकीचा मजकूर वाचताना माझे मन आजही हादरते, तो मी कुणासमोर सहजपणे मांडणार नाही. पण एवढे त्यातून नक्की कळते की देवाच्या आज्ञेने गेलेला माणूससुद्धा थेट आपल्या चुलीपाशी परतू शकत नव्हता.

मंडळीनेही हे जाणले होते. चौथ्या शतकात कैसरियाचा बिशप बेसिल याने लिहिले की युद्धात मारणे हा आपल्या पूर्वजांनी खून मानला नाही, तरी अशा माणसांनी तीन वर्षे प्रभुभोजनापासून (प्रभूच्या स्मरणार्थ मंडळी मिळून घेते त्या भाकरी व द्राक्षरसापासून) दूर राहणे बरे, कारण त्यांचे हात स्वच्छ नाहीत. एकाच परिच्छेदात दोन्ही गोष्टी : खून नाही, आणि हात स्वच्छ नाहीत. १०६६ मध्ये इंग्लंडमधली हेस्टिंग्जची लढाई जिंकलेल्या नॉर्मन सैनिकांना तर त्यांच्याच बिशपांनी प्रायश्चित्त नेमून दिले, तेही पोपच्या प्रतिनिधीच्या संमतीने. मारलेल्या प्रत्येक माणसामागे एक वर्ष. जखमी केले पण तो मेला की जगला हे माहीत नसेल, तर प्रत्येकामागे चाळीस दिवस. तिरंदाजांना आपला बाण कुणाला लागला हे कळणे शक्यच नव्हते, म्हणून त्यांच्यासाठी वेगळा नियम. आणि ही सगळी जिंकलेल्या बाजूची माणसे होती!

अशा प्रायश्चित्ताने तारण मिळते असे मी मानत नाही. तुमच्यासारखाच मीही केवळ कृपेवर उभा आहे. पण त्या बिशपांना जे ठाऊक होते ते आपण हरवून बसलो आहोत. परतलेल्या माणसाला निकाल नको असतो. त्याला वेळ लागतो, जे झाले ते बोलून दाखवायला जागा लागते, आणि तो काळ संपला की 'ये, आता जेवायला बस' म्हणणारे कुणीतरी लागते. 'तू निर्दोष आहेस' आणि 'तू पापी आहेस', ही दोन्ही वाक्ये त्याचे तोंड सारखीच बंद करतात. पहिल्या वाक्यानंतर त्याला जे सांगायचे असते ते सांगायला कारणच उरत नाही, दुसऱ्यानंतर धैर्य उरत नाही.

माझेच सांगतो. परतल्यावर मी मंडळीत मागच्या बाकावर बसू लागलो. प्रभुभोजनाच्या रविवारी ते ताट हातोहात मागे यायचे, त्यातले छोटे ग्लास एकमेकांना लागून किणकिणायचे. माझ्यापर्यंत आले की मी ते दोन्ही हातांनी नीट धरायचो आणि शेजाऱ्याकडे द्यायचो. स्वतः घ्यायचो नाही. मला कुणी मनाई केली नव्हती. मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या सभासदांच्या हे लक्षात आले. त्यांनी कारण विचारले नाही. पुढच्या वेळी ते माझ्या शेजारी येऊन बसले आणि ताट आले तेव्हा त्यांनीही न घेता पुढे दिले. बाहेर पडताना म्हणाले, "तू घेशील त्या दिवशी मी घेईन." बरेच महिने असे चालले. मग एका संध्याकाळी मी त्यांना सगळे सांगितले, कधी कुणाला न सांगितलेला एक चेहरासुद्धा. त्यांनी मला दोषी म्हटले नाही, निर्दोषही म्हटले नाही. विचारले, "त्याचे नाव माहीत आहे?" मी नाही म्हणालो. "मग नावाशिवायच त्याच्यासाठी प्रार्थना करू. त्याच्या आईसाठीही करू." आणि त्यांनी केली.

शत्रूंवर प्रीती करण्याची तुम्ही दाखवलेली आज्ञा माझ्यापाशी त्या संध्याकाळी पोचली. उशिराच, पण पोचली. तेव्हापासून मी असे मानतो की परतलेल्या सैनिकाला जे छळते ते पुष्कळदा त्या आज्ञेचेच काम असते. समोरचा माणूस होता, हे त्याला विसरता येत नाही. त्याला तुम्ही विश्वासाची कमतरता म्हणता. मी म्हणतो, त्याच्यात सर्वांत जिवंत उरलेली गोष्ट तीच आहे. युद्धाला न्याय्य ठरवण्याच्या विचाराचा पाया ज्याच्याकडे शोधला जातो, तो ऑगस्टीनसुद्धा 'देवाच्या नगरी'त म्हणतो की न्याय्य युद्धांतलीही दुःखे जो मनाला वेदना न होता सोसतो, तो अधिकच दयनीय, कारण त्याने माणूसपणाची जाणीवच गमावली आहे.

झोपेच्या मुद्द्यावर मी ठाम राहणार आहे, कारण इथे चुकीचा सल्ला जीव घेऊ शकतो. लढाईचा आघात शरीरातही राहतो. धोका संपला तरी शरीर पहाऱ्यावरून उतरत नाही. दार आपटले की हृदय धडधडते, गर्दीत पाठ भिंतीला लागल्याशिवाय बसवत नाही, स्वप्नात तेच पुन्हा घडते. वैद्यकशास्त्राने १९८० मध्ये पीटीएसडी या नावाने हा आजार आपल्या अधिकृत यादीत घेतला. त्यावर उपचार आहेत, आणि ते घेणे म्हणजे प्रभूला सोडणे नव्हे. याशिवाय दुसरी एक जखम असते. आपण केलेल्या, पाहिलेल्या किंवा थांबवू न शकलेल्या गोष्टीने सदसद्विवेकालाच तडा जातो. व्हिएतनाममधून परतलेल्या सैनिकांवर उपचार करताना डॉ. जोनाथन शे यांनी तिला मॉरल इंज्युरी, म्हणजे नैतिक जखम, म्हटले, आणि पुढे २००९ मध्ये ब्रेट लिट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती संकल्पना अधिक विस्ताराने मांडली. पहिलीत भीती असते, दुसरीत अपराधभाव आणि लाज. एकाच माणसात दोन्ही असू शकतात. या दुसऱ्या जखमेसाठीच्या एका उपचारपद्धतीत माणसाला सांगतात की ज्याचा तू मनापासून आदर करतोस, जो तुझ्यावर प्रेम करतो, तो समोर बसला आहे अशी कल्पना कर आणि घडलेले सगळे त्याला सांग. हे वाचले तेव्हा मला त्या वडीलधाऱ्यांचीच आठवण झाली.

विश्वासाच्या कमतरतेबद्दल बोलायचे तर एलिया संदेष्ट्याकडे पाहा. कर्मेल डोंगरावर आकाशातून अग्नी उतरलेला त्याने पाहिला, त्याच दिवशी किशोन ओढ्यापाशी बआल दैवताच्या संदेष्ट्यांचा वध केला, आणि लगेच पुढच्या अध्यायात तो रानात एका झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूताने त्याला विश्वासावर उपदेश केला नाही. भाकर दिली, पाणी दिले, झोपू दिले, उठवून पुन्हा खायला घातले. 'वाट तुला फार दूरची आहे' एवढेच म्हटले. ज्या भावाच्या मनात जीव संपवण्याचे विचार येतात, त्याच्यासोबत त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. वाटेत प्रार्थना करा.

तुमच्या प्रतिक्रियेत एक गोष्ट नव्हती, तीही बोलायला हवी. अपराधाचा सगळा भार आपण गोळी झाडणाऱ्यावर टाकतो. १९४५ मध्ये हिरोशिमा आणि नागासाकीवर अणुबॉम्ब टाकणाऱ्या वैमानिकांची तुकडी टिनियन बेटावर होती, आणि तिचे पाद्री फादर जॉर्ज झाबेल्का होते. नागरिकांना मारण्याविरुद्ध आपण त्या माणसांना कधीच उपदेश केला नाही, हे त्यांनी पुढे जाहीरपणे कबूल केले आणि उरलेले आयुष्य शांततेच्या कामाला दिले. सैनिकाला निरोप देताना जी मंडळी उभे राहून टाळ्या वाजवते, विजयासाठी उपास करते, तिचाही त्या रक्तात वाटा आहे. तो परत आल्यावर त्याचा पश्चात्ताप ही त्याची खाजगी बाब कशी होईल? म्हणूनच मला एकट्याची पापकबुली अपुरी वाटते. सगळ्या मंडळीने त्याच्यासोबत एक्कावन्नावे स्तोत्र म्हणावे, त्यातली 'रक्तपाताच्या दोषापासून मला सोडव' ही ओळ सुद्धा.

शेवटी तुम्ही विचारले आहे, 'मग आम्ही नेमके करायचे तरी काय?' तुमच्या मंडळीत असा कुणी असेल तर त्याला व्यासपीठावर बोलावून लढाईची साक्ष द्यायला लावू नका. 'किती जण मारले?' असे मुलांनाही विचारू देऊ नका. तो मध्येच उठून बाहेर गेला तर एकाने शांतपणे मागोमाग जावे. त्याच्या पत्नीची विचारपूस वेगळी करा, कारण त्या घरात झोप तिचीही गेलेली असते. आणि तो बोलू लागलाच तर वचन सांगायची घाई करू नका. वचन त्याला बहुधा पाठ असते.

वर्दीच्या प्रश्नावर आपले एकमत व्हायचे नाही असे दिसते, आणि तुम्ही त्यावर गप्प बसावे असेही मला वाटत नाही. शांतीचा आग्रह धरणारी माणसे मंडळीत नसतील तर आम्हा सैनिकांचेच अधिक नुकसान होईल. तुम्ही त्यावर सविस्तर लिहा. मी नक्की वाचेन आणि इथे उत्तरही देईन.