ताप उतरतो त्या दिवशी : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

कंथा बोफा रुग्णालयांवरच्या माझ्या लेखाला तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया दिलीत. ‘भावनेच्या भरात लिहिलेला लेख’ हा शेरा लागला, नाही म्हणत नाही. पण सार्वजनिक आरोग्याच्या कामात आयुष्य घालवलेल्या माणसाचे मुद्दे दोन ओळींत आटपणं बरं नाही, म्हणून हे वेगळं आणि लांब उत्तर.

मूळ लेख न वाचलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. कंथा बोफा ही कंबोडियातली मुलांची धर्मादाय रुग्णालयं. तपासण्या, औषधं, रक्त, शस्त्रक्रिया, सगळं मोफत. स्विस बालरोगतज्ज्ञ बेआट रिख्नर यांनी १९९२पासून ती उभी केली आणि बहुतेक पैसा स्वित्झर्लंडमधल्या सामान्य लोकांच्या देणग्यांतून आणला. तुमचे आक्षेप तीन. हाच पैसा लसी, स्वच्छ पाणी आणि गावातल्या आरोग्य केंद्रांवर लागला असता तर कितीतरी जास्त मुलं वाचली असती, सीटी स्कॅन घेऊन काय करायचं? दुसरा, परक्यांनी फुकट दिलं की सरकार हात झटकून मोकळं होतं. आणि तिसरा, मी बालमृत्यू घटल्याचं सगळं श्रेय एका माणसाच्या पदरात टाकलं.

तिसऱ्यापासून सुरुवात करते, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. कंबोडियात २०००च्या पाहणीत दर हजार जन्मांमागे १२४ मुलं पाचव्या वाढदिवसाआधी दगावत होती. २०१०मध्ये हा आकडा ५४ झाला, २०१४मध्ये ३५ आणि २०२१-२२च्या पाहणीत १६. लेखात मी हे आकडे आणि रुग्णालयांच्या इमारती शेजारी शेजारी मांडल्या आणि वाचणाऱ्याने हवा तो अर्थ काढावा अशी जागा ठेवली. ती चूक होती. या काळात पोलिओ गेला, २०१५मध्ये गोवर आणि नवजात बाळांचा धनुर्वात आटोक्यात आला, रस्ते झाले, हातात चार पैसे आले. २००७पासून सरकारने आरोग्य केंद्रात सुखरूप झालेल्या प्रत्येक बाळंतपणामागे सुईणीला १५ डॉलर द्यायला सुरुवात केली, त्यानंतर घरी होणारी बाळंतपणं झपाट्याने कमी झाली. हे काम राजधानी नोम पेन्हमधल्या कुठल्याही वॉर्डात झालेलं नाही. लेखातला तो भाग मी बदलला आहे.

आता पहिला मुद्दा. इथे मात्र मी तुमच्याशी भांडणार आहे.

मी बालरोग वॉर्डात बावीस वर्षं सिस्टर होते. डेंग्यूच्या वॉर्डात सगळ्यात अवघड दिवस कोणता, असं विचारलंत तर मी सांगेन, ताप उतरतो तो. चार दिवस फणफणलेलं मूल सकाळी गार लागतं, आई सुटकेचा श्वास टाकते, घरी कधी सोडणार म्हणून विचारते. आणि नेमकं तेव्हा आमच्या पोटात गोळा येतो. रक्तवाहिन्यांतून पातळ द्रव बाहेर झिरपायला लागलेला असतो. रक्त दाट होत जातं, हेमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण, चढतं, पोट दुखतं, उलट्या होतात, हातपाय गार पडतात, नाडी बारीक होते. सलाईन कमी पडलं तर मूल शॉकमध्ये जातं. घाबरून जास्त दिलं तर तोच द्रव एक-दोन दिवसांनी रक्तात परततो आणि फुप्फुसांत पाणी होऊन मूल धापा टाकायला लागतं. मधली वाट अरुंद आहे आणि ती तासातासाला शोधावी लागते. त्यासाठी लागतं ते पुन्हा पुन्हा मोजलेलं हेमॅटोक्रिट, वेळेला तपासलेलं रक्त, आणि रात्री तीन वाजता त्या खाटेपाशी उभी राहून नाडी बघणारी सिस्टर. तिला झोप येऊ नये एवढा तिचा पगार असावा लागतो आणि तिच्या वाट्याला मोजकी मुलं असावी लागतात. महागडी गोष्ट काही असेल तर ती हीच आहे.

तुम्ही म्हणाल, डास होऊच द्यायचे नाहीत. मान्य. कंबोडियात घराघरांत पावसाचं पाणी साठवायचे मोठे रांजण असतात, डेंग्यू पसरवणारा एडिस डास त्यातच वाढतो. रांजणांत अळीनाशक टाकलं गेलं, गप्पी मासे सोडले गेले, झाकणं वाटली गेली. तरी २००७मध्ये मोठी साथ आली, २०१२मध्ये आली, २०१९मध्ये पुन्हा आली. साथ आली की गावातल्या केंद्राने करायचं काम एवढंच असतं की धोक्याची खूण ओळखायची आणि मूल वेळेत पुढे पाठवायचं. पण पाठवायचं कुठे? पुढे दार उघडं नसेल तर खालच्या पायरीवरच्या माणसाचं शहाणपण वाया जातं. लस आणि खाट यांत एक निवडा, हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. ज्या घरात मूल आजारी आहे तिथे तो कोणी विचारत नाही.

सीटी स्कॅनचंही तसंच. रिख्नर यांच्यावर त्यांच्या हयातीत हाच आरोप झाला होता की गरीब देशाला न झेपणारी वैद्यकी ते तिथे आणत आहेत. ते उलट विचारायचे की गरीब मुलाला गरीब औषध का द्यायचं? क्षयरोगाचं बघा. मोठ्या माणसाची थुंकी तपासता येते. लहान मूल थुंकी गिळून टाकतं, त्याच्या क्षयात जंतूही कमी असतात, त्यामुळे तपासणी निगेटिव्ह येते आणि मूल महिनोन्महिने झिजत राहतं. ज्या देशात क्षय घरोघरी होता तिथे मुलाच्या छातीत आणि मेंदूत काय चाललंय ते दाखवणारं यंत्र चैन कसं ठरतं? रक्ताचंही तेच. थॅलेसिमिया आणि हिमोग्लोबिन-ई हे रक्ताचे आनुवंशिक दोष तिथे सर्रास आढळतात. ते गंभीर असतील तर मुलाला आयुष्यभर रक्त चढवावं लागतं, आणि न तपासलेलं रक्त म्हणजे एका आजारावर दुसरा देणं. कंथा बोफाच्या सिएम रीप शहरातल्या रुग्णालयात २००१मध्ये प्रसूतिगृह सुरू झालं, तेही आईकडून बाळाला होणारा एचआयव्ही आणि क्षय थांबवण्यासाठी. त्याला तुम्ही प्रतिबंध म्हणाल की उपचार?

‘फुकट’ या शब्दावर तुमचा राग आहे, म्हणून एक हिशेब सांगते. २००४मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, कंबोडियातल्या ज्या ७२ घरांत डेंग्यूचा रुग्ण होता त्यांचा खर्च मांडला होता. फक्त खासगी उपचार घेणाऱ्यांचे सरासरी १०३ डॉलर गेले. खासगी आणि सरकारी असे दोन्हीकडे गेलेल्यांचे ३२. फक्त सरकारी रुग्णालयात गेलेल्यांचे ८. कर्ज काढलेल्या बहुतेक घरांना वर्षभरानंतरही ते फेडता आलं नव्हतं, व्याज महिन्याला अडीच ते पंधरा टक्के. वर्षाला नव्हे, महिन्याला. काहींनी जमीन विकली. मूल बरं झालं आणि शेत गेलं.

हे आकडे तुमच्याही बाजूने बोलतात, ते मला दिसतंय. आठ डॉलरवाले सरकारी रुग्णालयातच गेले होते, परक्या देणगीवर चालणाऱ्या नव्हे. पण सगळेच तिथे का गेले नाहीत? त्या काळात तिथल्या सरकारी कर्मचाऱ्याचा पगार महिन्याला १० ते २० डॉलर होता. त्यात घर चालत नाही. मग टेबलाखालून पैसे घेणं, रुग्णाला आपल्याच खासगी दवाखान्यात वळवणं, दुपारनंतर हजर नसणं, हे सगळं ओघाने आलं. कंथा बोफाने जगता येईल एवढा पगार दिला आणि त्या बदल्यात रुग्णाकडून एक रिएलही (तिथलं चलन) न घेण्याची अट घातली. तिथले डॉक्टर आणि परिचारिका जवळजवळ सगळे कंबोडियन आहेत. ख्मेर रूजच्या १९७५ ते १९७९ या काळातल्या संहारक राजवटीनंतर ज्या देशात पन्नासही डॉक्टर शिल्लक नव्हते, त्या देशात ही गोष्ट लहान नाही.

आणि हाच विचार सरकारी व्यवस्थेतही आला, हे तुम्हाला आवडेल. सिएम रीप प्रांतातल्याच सोतनिकुम जिल्ह्यात २०००च्या सुमारास आरोग्य मंत्रालय, युनिसेफ आणि ‘सीमाविरहित डॉक्टर्स’ यांनी मिळून कर्मचाऱ्यांशी असाच करार केला. पगाराला जोड द्यायची आणि टेबलाखालचे पैसे बंद. त्याच वर्षी तिथे गरिबांची फी भरणारा निधी सुरू झाला, पुढे तो देशभर पसरला. म्हणजे फुकट उपचाराने सरकार आळशी होतंच असं नाही.

एक गोष्ट मात्र मी लेखात टाळली होती, ती तुम्ही पकडलीत. २०१२मध्ये कंबोडियात लहान मुलं ताप येऊन काही तासांत, एक-दोन दिवसांत दगावायला लागली. कंथा बोफाने ते मंत्रालयाला कळवलं. नंतर बहुतेक मुलांत एन्टेरोव्हायरस ७१ हा विषाणू सापडला, आणि अनेकांना कुठल्या ना कुठल्या टप्प्यावर स्टिरॉइड दिलं गेलं होतं. या आजारात त्याने प्रकृती बिघडते. त्या दिवसांत रिख्नर आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्यात जाहीर वाद झाला. इतकी मुलं जिथे येतात त्या रुग्णालयाने बाहेरच्या यंत्रणेशी सतत जोडलेलं राहायला हवं, हे तुमचं म्हणणं मला पटतं. ज्याने एकट्याने दगड फोडून वाट काढली त्याला दुसऱ्याचं ऐकणं जड जातं. तरी एक विसरू नका, बरीचशी मुलं वाटेत कुठेतरी सुई टोचून घेऊन, उशिराने तिथे पोचतात.

राहिला परावलंबनाचा प्रश्न. त्याला माझ्याकडे तुमच्याएवढं पक्कं उत्तर नाही. शनिवारी संध्याकाळी सिएम रीपच्या सभागृहात चेलो हे वाद्य वाजवायचं आणि अंकोरची प्राचीन मंदिरं बघायला आलेल्या पाहुण्यांकडे पैसे आणि रक्त मागायचं, असं रिख्नर यांनी वर्षानुवर्षं केलं. २०१७मध्ये आजारपणामुळे ते थांबले, २०१८च्या सप्टेंबरमध्ये गेले. रुग्णालयं बंद पडली नाहीत. स्विस सरकारचा वाटा आहे, कंबोडियन सरकारचाही आहे, आणि २०१७पासून अंकोरच्या प्रत्येक तिकिटातले २ डॉलर या रुग्णालयांना जातात. मला ही व्यवस्था सुंदर वाटली होती. मग २०२० आलं, अंकोर ओस पडलं आणि तिकिटं विकली जाईनात. पर्यटक येवोत न येवोत, मुलं पावसाळ्यात आजारी पडतातच.

म्हणून तुमचा आक्षेप मी जरा फिरवून घेते. मोफत उपचार नकोत, असं नाही. ते करातून यावेत, कायद्याने यावेत, कुणाच्या वाद्यावर किंवा कुणाच्या सहलीवर अवलंबून नसावेत. एवढं तुम्ही म्हणत असाल तर माझी सही त्याखाली आहे. फक्त ते होईपर्यंत खाटा काढून घ्या, असं म्हणू नका.

सोतनिकुमसारखे प्रयोग तुम्ही जवळून पाहिले असतील असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं. गरिबांच्या निधीतून फी भरली जाते, पण गावातून जिल्ह्याला पोचायचं भाडं आणि आईची बुडालेली मजुरी कोण भरतं, हे मला नीट समजून घ्यायचं आहे. सवड झाली की त्यावर लिहा. मी वाट बघते.