‘घरी न्या’ म्हणाले, आणि विमा तिथंच संपला

बारा वर्षं. बारा वर्षं आमच्या आप्पांनी मेडिक्लेमचा हप्ता एकदाही चुकवला नाही. यंत्रमागावर रात्रपाळ्या केल्या, कारखाना बंद पडला त्या वर्षी आईची पाटली मोडली, पण हप्ता भरला. वर तेव्हा लागणारा 18 टक्के जीएसटीही भरला. आणि शेवटचे 47 दिवस, जेव्हा खरी गरज होती, तेव्हा ऑक्सिजनचा, पलंगाचा, रात्री सांभाळायला ठेवलेल्या मावशींचा एक रुपया मिळाला नाही.

कॅन्सरच्या ऑपरेशनचे आणि केमोचे पैसे कंपनीनं दिले, ते मी नाकारत नाही. मग गेल्या एप्रिलमध्ये डॉक्टरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, “आता आणखी केमो दिली तर हालच होतील. घरी न्या. दुखू देऊ नका, जखमा होऊ देऊ नका.” सल्ला बरोबरच होता. आप्पांनाही घरीच यायचं होतं. डिस्चार्ज कार्डावर त्यांनी लिहिलं, पॅलिएटिव्ह केअर. म्हणजे आजार बरा करायचा नाही, फक्त त्रास कमी करायचा. हेच दोन शब्द पुढं आमच्या तोंडावर फेकले गेले.

सोलापूरचा एप्रिल-मे काय असतो हे सोलापूरकरांना सांगायला नको. वर पत्रा, पाणी चार-पाच दिवसांआड, आणि अंथरुणात माणूस. पलंग भाड्यानं, हवेची गादी विकत, ऑक्सिजन सिलिंडर भाड्यानं, रात्रीच्या मावशींचे रोजचे 700 रुपये. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखम होते. आई जुन्या लुगड्यांच्या घड्या करून खाली घालायची आणि पाणी येईपर्यंत त्या बादलीत भिजत पडायच्या. मॉर्फिनच्या गुंगीतही आप्पा अंगावरच्या चादरीचा काठ बोटांत धरून चाचपायचे, वीण बघायचे. चाळीस वर्षं चादरीच विणल्या होत्या त्यांनी.

सगळी बिलं नीट लावून मी क्लेम टाकला. डिस्चार्जनंतरच्या 60 दिवसांतली औषधं तेवढी मंजूर झाली. डायपर कापले, ऑक्सिजन कापला, मावशींचे पैसे कापले, पलंग कापला. फोन केला तर पलीकडची मुलगी म्हणते, “मॅम, पॉलिसी वर्डिंग बघा, एक्स्क्लूजन पाच.” म्हणजे पाचवा अपवाद, ज्याचे पैसे मिळत नाहीत.

बघितलं. त्या रात्री झोप लागली नाही. शीर्षक आहे ‘रेस्ट क्युअर, रिहॅबिलिटेशन अँड रेस्पाइट केअर’, म्हणजे विश्रांती, पुनर्वसन आणि घरच्यांना उसंत मिळावी म्हणून घेतलेली शुश्रूषा. रेस्ट! विश्रांती! ज्या माणसाला कूस बदलताना कण्हल्याशिवाय राहवत नव्हतं, तो विश्रांती घेत होता? त्यात लिहिलंय की अंघोळ घालणं, कपडे बदलणं, हलवणं-उचलणं यासाठीचा खर्च मिळणार नाही, मग ते काम नर्सनं करो की आणखी कुणी. आणि खाली सरळ लिहिलंय, मरणाच्या दारात असलेल्या माणसाच्या शारीरिक, सामाजिक, भावनिक आणि आध्यात्मिक गरजांसाठीची कोणतीही सेवा वगळली आहे. कोणतीही! हे एका कंपनीचं खूळ नाही. विमा नियामक आयआरडीएआयनं 2019 मध्ये अपवादांचे मजकूर सगळ्यांसाठी एकसारखे ठरवून दिले, त्यातला हा पाचवा. तुमच्या घरातली पॉलिसी काढा, तिच्यातही बहुतेक हाच मजकूर सापडेल.

मी म्हटलं, घरच्या उपचारांचं कलम आहे ना, डोमिसिलिअरी? आहे. पण ते अशा आजाराला, ज्याला एरवी हॉस्पिटलच लागलं असतं, आणि पेशंट हलवण्यासारखा नाही किंवा खाट नाही म्हणून घरी उपचार चालू आहेत. आम्हाला तर डॉक्टरांनीच लिहून दिलं होतं की आता हॉस्पिटलची गरज नाही. झालं, दार बंद.

बरं, हॉस्पिसमध्ये, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांच्या शुश्रूषा केंद्रात ठेवलं असतं तर? विम्याच्या व्याख्येत हॉस्पिटल म्हणजे एकतर हॉस्पिटल म्हणून कायद्यानं नोंदलेली जागा, नाहीतर दहा लाख लोकवस्तीच्या आतल्या गावात किमान दहा खाटा, चोवीस तास नर्स-डॉक्टर, आणि सुसज्ज ऑपरेशन थिएटर. शेवटच्या दिवसांत वेदना शमवणाऱ्या जागेला ऑपरेशन थिएटर कशाला लागतं, सांगा मला! पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअरचं केंद्र 1997 पासून मोफत सेवा देतंय, त्यांना हात जोडते. पण त्या अवस्थेत अडीचशे किलोमीटर आप्पांना कसं नेणार होतो? सरकारच्या जनआरोग्य योजनेतही आधी दाखलच व्हावं लागतं.

आणि माझा जीव सगळ्यात जास्त कशानं जळतो माहितेय? त्याच आप्पांना आम्ही आयसीयूत टाकलं असतं, नळ्या घालून व्हेंटिलेटरवर पंधरा दिवस ठेवलं असतं, तर लाखांची बिलं कॅशलेस पास झाली असती. त्याच्या कितीतरी कमी पैशांत ते घरी, आईचा हात धरून गेले, त्याला मात्र दमडी नाही. शेजारच्या वॉर्डातल्या एका घरानं केवळ याच हिशेबापायी म्हाताऱ्याला शेवटपर्यंत घरी आणलं नाही. त्यांना दोष कसा देऊ?

आमचे एजंट काका दर वर्षी यायचे, चहा घ्यायचे आणि म्हणायचे, “ताई, सगळं कव्हर आहे की, काळजीच करू नका.” सगळं! क्रिटिकल इलनेसची, म्हणजे गंभीर आजारांची पॉलिसी वेगळी असते, तिच्या यादीतला आजार निघाला की अटी पाळून ठोक रक्कम हातात येते, त्यातून मावशी ठेवा नाहीतर पलंग आणा, कुणी विचारत नाही. हे आप्पा धडधाकट होते तेव्हा एकदा तरी सांगायचं होतं. पॉलिसीचा गोषवारा मागितला तर मराठीत द्यावा लागतो, असा नियम जानेवारी 2024 पासून आहे. तेही मला आत्ता, सगळं संपल्यावर कळलं. आप्पा सातवी शिकलेले. त्यांनी इंग्रजीतली ती चाळीस पानं प्लास्टिकच्या पिशवीत घालून देव्हाऱ्याखाली जपून ठेवली होती.

कंपनीकडं लेखी तक्रार दिलीय. तीस दिवसांत नीट उत्तर आलं नाही तर पुण्याला विमा लोकपालांकडं जाणार. तिथं फी लागत नाही. हरले तर हरले, पण माझा कागद त्यांच्या फायलीत राहील.

आईच्या पॉलिसीचं नूतनीकरण पुढच्या आठवड्यात आहे. काकांना रविवारी बोलावलंय. चहा होईल, पण आधी त्यांनी आईसमोर बसून तो पाचवा अपवाद मोठ्यानं, मराठीत वाचून दाखवायचा.