'जुना माल माथी मारला' या अभिप्रायाला दुकानातर्फे उत्तर

नमस्कार नाखवा,

एक तारा देऊन तुम्ही लिहिलंय की बोटीची बॅटरी एका मोसमात बसली, दुकानदाराने जुना माल नवा म्हणून माथी मारला, भाव जास्त लावला आणि वॉरंटीचं नाव काढताच हात वर केले. नारळी पौर्णिमेला सकाळी तुम्ही आलात आणि दुकान बंद होतं, याबद्दल माफी मागतो. त्या दिवशी आम्हीही नारळ घेऊन बंदरावर होतो. मोसमाच्या तोंडावर सेल्फ न लागणं म्हणजे काय, हे हर्णैत दुकान चालवणाऱ्याला कुणी सांगायला नको.

पण 'जुना माल' हे शब्द फार लागले. आमचं निम्मं गिऱ्हाईक बोटवाल्यांचं आहे. अशी एक ओळ लोक मोबाईलवर वाचतात आणि बॅटरी घ्यायला थेट रत्नागिरी गाठतात.

प्रत्येक बॅटरीच्या अंगावर ती कधी बनली त्याचा कोड ठोकलेला असतो. गेल्या ऑगस्टात तुम्हाला दिली तेव्हा तो वॉरंटी कार्डावर लिहून दिलाय. कार्ड तुमच्याकडे आहे, काढून बघा. शिवाय तुमच्या तांडेलासमोर (बोट चालवणाऱ्यासमोर) सहाही झाकणं उघडून हायड्रोमीटर, म्हणजे अॅसिडची घनता मोजायची नळी, लावला होता, रीडिंग बाराशे पन्नासच्या वर होतं, म्हणजे बॅटरी भरलेली. तीच बॅटरी या ऑगस्टात परत आली तेव्हा मीटरवर साडेअकरा व्होल्टच्या जरा वर आणि सहाही सेल अकराशेच्या आसपास, म्हणजे पार उतरलेले. सहाही, सारखेच. बनावटीत खोट असली की बहुतेक वेळा एखादा सेल जातो आणि बाकीचे पाच ठणठणीत असतात. सगळे एका पातळीला खाली येतात ते बॅटरी उतरलेली तशीच पडून राहिली म्हणून. प्लेटांवर सल्फेट धरतं आणि मग ते निघत नाही. तरी आम्ही ती चार्जिंगला लावली. लगेच बुडबुडे यायला लागले, पण रीडिंग काही वर सरकेना. हे तुमचा माणूस स्टुलावर बसून बघत होता. वॉरंटीचा निर्णय कंपनीचा माणूस करतो आणि त्यानेही हेच लिहून दिलंय. मी हात वर केले नाहीत, माझ्या हातात ते नाहीच.

उतरली कशी, तेही तुमच्या तांडेलानेच सांगितलं. १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी. बोट खाडीत बांधलेली आणि बिल्ज पंपाचा (बोटीच्या तळातलं पाणी उपसणाऱ्या पंपाचा) फ्लोट स्विच, म्हणजे पाणी चढलं की आपोआप चालू होणारा, मेन स्विच सोडून थेट बॅटरीला जोडलेला. पाऊस पडला की पाणी साचणार, पाणी साचलं की पंप चालणार आणि इंजिन बंद म्हणजे चार्जिंग शून्य. जून संपायच्या आत बॅटरी खलास झाली असणार आणि पुढे सगळा जुलै ती तशीच राहिली. बोट शाकारताना बॅटरी काढून घरी न्या, आधी निगेटिव्हची वायर सोडा, महिन्यातून एकदा चार्जिंगला लावा, हे मी बिल देताना तोंडी सांगतो. तुम्हालाही सांगितलं होतं. बोटीवर ठेवणं भागच असेल तर पंपाला वेगळी, जाड प्लेटांची बॅटरी हवी. सेल्फची बॅटरी एका दमात भरपूर करंट द्यायला बनवलेली असते. तिच्यावर पंप, दिवे, फिशफाइंडर आणि खलाशांची गाणी चालवली की ती टिकत नाही. मग ती कुठल्याही कंपनीची असो.

आणखी एक गोष्ट तुमच्या अभिप्रायात आलेली नाही. तुमचं इंजिन चोवीस व्होल्टचं, म्हणजे दोन बॅटऱ्या सीरिजमध्ये. जोडी एकदमच बदला असं मी दोनदा म्हटलं. 'एक अजून चालतेय की' म्हणून तुम्ही एकच नेलीत. जुनी पटकन भरल्यासारखी दाखवते, अल्टरनेटरला, म्हणजे इंजिनावरच्या चार्जिंगच्या डायनॅमोला, वाटतं दोन्ही भरल्या, तो चार्जिंग कमी करतो आणि नवी अर्धपोटी राहते. म्हाताऱ्या बैलाला तरणा बैल जोडण्यातलाच प्रकार. पैसे वाचवायला बघितलंत यात मी दोष देत नाही, डिझेलचे भाव मलाही माहीत आहेत.

भावाचं म्हणाल तर तुमच्या चुलतभावाला दिवाळीत स्वस्त मिळाली हे खरं आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा बॅटरीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. तुमचं बिल त्याच्या आधीचं आहे. जुन्या बॅटरीचे पैसे दोघांनाही वजनावरच वळते करून दिलेत.

टर्मिनलवर हिरवी-पांढरी बुरशी बोटभर चढली होती, ती आम्ही सोड्याच्या गरम पाण्याने धुऊन, पेट्रोलियम जेली लावून दिली. त्याचे पैसे घेतले नाहीत. सेलमध्ये मात्र विहिरीचं पाणी घालू नका, डिस्टिल्डच घाला.

यापुढे बंदीआधीच्या सूचना मराठीत छापून देण्याचा विचार आहे, सणाच्या दिवशीही कुणीतरी दुकानात असेल असं बघू. तुम्ही जोडी घ्यायला आलात तर भावात जे काही करता येईल ते करीन.

एवढंच, की त्याच दिवशी संध्याकाळी तुमची फेरी चुकू नये म्हणून आम्ही सर्व्हिसची, म्हणजे तात्पुरती वापरायला द्यायची, बॅटरी स्वतः जेट्टीवर आणून लावून दिली होती. ती अजून तुमच्याच बोटीवर आहे. सोमवारपर्यंत माणसाबरोबर पाठवून द्या, तिच्यासाठी दुसरं गिऱ्हाईक खोळंबलंय.